गावंडे सरांचा जुळा डाग

तुमच्या घरात अशी एखादी खोली आहे का, जिची कडी बाहेरून लावलेली असते? पाहुणे आले की तुम्ही रेडिओचा आवाज थोडा वाढवता का? तसं काही नसेल, तर हे वाचून सोडून द्या. असेल, तर शेवटपर्यंत वाचा. लिहिते आहे मी गावंडे सरांबद्दल, पण लिहिते आहे तुमच्यासाठी.

रामकृष्ण गावंडे अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रोफेसर शिकवून गेले की मुलांच्या हातून प्रयोग करून घेणं, फुटलेल्या नळ्यांचा हिशेब ठेवणं आणि मुलांची बोटं जळणार नाहीत हे पाहणं, हे त्यांचं काम. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम जांभळी असत. मुलं त्यांना जांभळे सर म्हणत. एकदा एका नव्या मुलाचा बाप त्यांना भेटायला आला आणि स्टाफरूममध्ये अगदी आदरानं विचारू लागला, "जांभळे सायब कुठी बसतेत?" सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बसा, मीच तो. बोला."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, चिमटा असे. पितळेचा, प्रयोगशाळेतला. कागद, चिठ्ठी, टपालाचं तिकीट, सगळं ते चिमट्यानं उचलायचे. आमच्याकडे पोहे खाताना मिरच्याही चिमट्यानंच वेचायचे. मुलांना त्यांचा एकच दम असे: "हात लावू नोका! बोटाले घाम असते, घामात सतरा पदार्थ असतेत." आणि कोणी काहीही सांगितलं की ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का, हा त्यांचा एकच प्रश्न: "पायलं काय तुमी सोता?" भाजीवाली म्हणाली, वांगी कोवळी आहेत, तरी हाच. माझे वडील म्हणाले, सरकार पडणार, तरी हाच.

राजापेठेत पुढे आमचा छापखाना, मागे आमचं घर आणि अंगणापलीकडे सरांच्या दोन खोल्या. माझे वडील पोटासाठी लग्नपत्रिका छापत आणि मनासाठी पत्रकं. हुंड्याविरुद्ध, देवर्ष्यांविरुद्ध, अस्पृश्यतेविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या खिळ्यांवर, उलटी. बरोबर गोष्ट बरोबर शब्दांत छापून चौकात वाटली की जग सुधारतं, यावर माझा पूर्ण विश्वास होता. त्या वेळी मी चोवीस वर्षांची होते. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि आता काहीही होऊ शकतं, असं मला वाटत होतं.

सरांबरोबर त्यांची धाकटी बहीण राहायची. सिंधूताई. धामणगावला दिली होती. सहा महिन्यांत सासरच्यांनी आणून सोडली: पोरगी भिंतीशी बोलते, एकटीच हसते. मग गावी आईनं देवर्षी आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. सर सुटीत गावी गेले तेव्हा सिंधूताईचे डोळे सुजून बंद झाले होते आणि खोलीला बाहेरून कडी होती. सरांनी कडी काढली, तिला तशीच एस.टी.त बसवली आणि अमरावतीला आणली. त्यांच्या दाराला बाहेरून कडी लागलेली मी पुढे कधी पाहिली नाही.

ती मधूनच उठून चालू लागायची. राजापेठेतून निघायची ती बडनेऱ्याच्या रस्त्यापर्यंत. सर तिला ओढून आणत नसत. ते तिच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालत, छत्री काखेत धरून. एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, हात धरून आणा ना. लोक हसतात."

"तिले कुठी जायचं असन तं जाऊ द्या," ते म्हणाले. "वापस यायचा रस्ता मले मालूम हाये."

कुठल्या तरी परदेशी मासिकात सरांनी वाचलं होतं की वेड लागलेल्या माणसाच्या शरीरात काही वेगळे पदार्थ तयार होत असावेत, आणि ते लघवीतून उतरत असावेत. मेंदूत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. पण जे बाहेर पडतं ते तर पाहता येईल! झालं. सरांच्या एका खोलीत गोळ्याबिस्किटांच्या काचेच्या बरण्या आल्या. गाळणकागदाच्या लांब पट्ट्या कापायच्या, खालच्या टोकाजवळ लघवीचा एक थेंब सुकवायचा आणि पट्टी बरणीत टांगायची. बरणीच्या तळाशी शिरक्यासारखा उग्र वास येणारं द्रावण. ते रात्रभर कागदातून वर चढतं आणि थेंबातले पदार्थ आपापल्या उंचीवर सोडून जातं. सकाळी पट्टी दोरीवर वाळवायची, तिच्यावर निनहायड्रिन नावाचं औषध फवारायचं आणि स्टोव्हवर शेकायची. मग कोऱ्या कागदावर एकाखाली एक जांभळे डाग उमटतात. फवारायला सरांनी अत्तराची रबरी फुग्याची बाटली घेतली होती. त्यांची बोटं जांभळी व्हायची ती यानं.

मी एकदा त्यांना विचारलं, यातून डोक्यातलं कसं कळणार? सरांनी आमच्या मोरीकडे बोट दाखवलं.

"पाहा, मी तुमच्या घराबाहेर मोरीपाशी उभा हावो. आत मले कोणी घेत नाई. मोरीतून पाणी येऊन राहिलं. त्यात हळद दिसली तं मी म्हणतो, आज वरण शिजलं असन. बस, एवढंच. एक दिवस असं यंत्र निघन, का झाकण न काढता भांड्यात काय शिजून राहिलं ते भाएरून दिसन. माणूस जिता, डोकं जसंच्या तसं, अन् आतलं सारं समोर. तवापर्यंत आपली मोरी."

रोग्यांचे नमुने ते अकोल्याहून आणायचे. तिथल्या इस्पितळात निवृत्तीला आलेले एक डॉक्टर होते, ते सरांवर खूश होते. महिन्यातून दोन रविवार सर अकोल्याला जात आणि चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्या पिशवीत घालून एस.टी.नं परत येत. एकदा मूर्तिजापूरला चढलेल्या एका म्हातारीनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि हात जोडले. "गोमूत्र हाये काय बापू? दे न मले घोटभर. पोटाले बरं असते."

खोटं बोलणं सरांना जमत नसे. "माय, हे माणसाचं हाये," ते म्हणाले. "येड्या माणसाचं." अमरावती येईपर्यंत त्यांच्या आजूबाजूच्या तीन बाकांवर कोणी बसलं नाही. "आरामात आलो," सर सांगत होते. "पिशवीले सोतंतर जागा भेटली."

या कामात सिंधूताईचा हात कसा लागला ते मी पाहिलं आहे. एका सकाळी ती अंगणात आली, दोरीवरच्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि एकेक पट्टी काढून सरांना देऊ लागली. अंगठा आणि बोट यांच्यात मधोमध धरून, जपून. तिच्या अंगठ्यावर लहानपणी विळी लागल्याचा आडवा व्रण होता. पट्ट्या देताना ती कोणाशीच बोलत नव्हती. भिंतीशीसुद्धा नाही. सर एकदाच म्हणाले, "सिंधू, हात नोको लावू, चिमट्यानं धर." तिनं पट्टी खाली टाकली, खोलीत गेली आणि दोन दिवस जेवली नाही.

त्यानंतर सरांनी तिला एका शब्दानं टोकलं नाही. चारशे पोरांना बोट लावू न देणारा माणूस बहिणीपुढे गप्प बसला. ती रोज पट्ट्या काढू लागली. तिचं रस्त्यावर निघून जाणं कमी झालं. त्या कामाच्या वेळात तिचे हात शांत असत, आणि सर पट्ट्यांकडे कमी आणि त्या हातांकडे जास्त पाहत.

आणि मग डाग सापडला. रोग्यांच्या पट्टीवर नेहमीचे सगळे डाग असत, शिवाय मध्यावर एक जादा. फिकट, लांबोळा, आणि मधून एक बारीक पांढरी रेघ. सरांना वाटलं, हे दोन पदार्थ आहेत, एकमेकांना चिकटून चढलेले. त्यांनी त्याचं नाव ठेवलं, जुळा डाग. सिंधूताईच्या पट्टीवर तो होता. अकोल्याच्या जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या पट्टीवर होता. निरोगी माणसं म्हणून सरांनी कॉलेजातली पोरं घेतली. त्यांच्या पट्ट्या कॉलेजातच काढल्या, तिथंच वाळवल्या, तिथंच फवारल्या. एकावरही तो डाग नव्हता.

मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. 'वेड भूत नव्हे, वेड पाप नव्हे. वेड हा शरीराचा रोग आहे आणि त्याचा डाग कागदावर उमटला आहे!' सर म्हणाले, थोडं थांबा. मी थांबले नाही. हजार प्रती छापून गठ्ठा बांधून ठेवला.

घाई मलाच होती असं नाही. सरांचे थोरले भाऊ, दादासाहेब, अकोल्याला वकील होते. घराण्याचे कर्ते तेच. त्यांच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती आणि मुलाकडच्यांनी विचारलं होतं, तुमच्या घराण्यात कोणी वेडं आहे का? दादासाहेबांनी सरांना बोलावून सांगितलं होतं: वर्षप्रतिपदेनंतर सिंधूला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. सर म्हणाले, हा रोग आहे, मी दाखवतो. दादासाहेब म्हणाले, "डॉक्टरसमोर दाखव. डॉक्टर म्हणाले का शरीराचा रोग हाये, तं मी सोयऱ्यांले तोंड देतो. तुह्याजवळ राहू दे तिले. नाई म्हणाले, तं मंग मले अडवू नोको."

चैत्रात आम्ही तिघं अकोल्याला गेलो. सिंधूताईबरोबर बाईमाणूस हवं म्हणून मी. आदल्या दिवशी दादासाहेबांच्या पडवीत सरांनी तीन बरण्या लावल्या: एक इस्पितळातल्या रोग्याची, एक सिंधूताईची, आणि तिसरी खुद्द डॉक्टरांची. "बिनडागाची बी एक पाहिजे न," सर म्हणाले. डॉक्टर हसून बाटली देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच अकोल्याचं ऊन भाजत होतं. दोरीवर टांगलेल्या पट्ट्या पाच मिनिटांत खडखडीत वाळल्या. डॉक्टर खुर्चीत, दादासाहेब झोपाळ्यावर, आतल्या दारात वहिनी. सिंधूताईनं नेहमीप्रमाणे पहिली पट्टी काढून दिली. सरांनी फवारली, शेकली. डाग आला. दुसरी, तिची स्वतःची. डाग आला, मधल्या पांढऱ्या रेघेसकट.

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. "गावंडे, हे तं लय मोठं काम हाये!" ते म्हणाले. "दादासाहेब, मी लिहून द्याले तयार हावो. शरीराचाच रोग हाये."

दादासाहेबांनी झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "ठीक हाये रामकृष्ण. राहू दे तिले तुह्यापाशी. मी पाहून घेतो सोयऱ्यांचं." दारातल्या वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी सिंधूताईकडे पाहिलं. ती दोरीपाशी होती. तिसरी पट्टी काढत होती.

अंगठा आणि बोट यांच्यात, मधोमध, जपून धरून ती आली. सरांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. ते पट्टीकडे पाहत नव्हते. तिच्या अंगठ्याकडे पाहत होते. त्या क्षणी मलाही कळलं.

कोणी मागितलं नव्हतं. डॉक्टर आपली पट्टी विसरून गेले होते. ती खिशात घालायची, एवढंच करायचं होतं. मी मनात ओरडत होते, खिशात घाला, सर, खिशात घाला!

सरांनी पट्टी घेतली. फवारली. स्टोव्हवर धरली. डाग आला, मध्ये पांढरी रेघ.

"अरे!" डॉक्टर हसले. "म्हंजे मी बी येडाच काय गावंडे?"

सरांनी सिंधूताईचा हात आपल्या हातात घेतला, तिचा अंगठा वर केला आणि पट्टीवरच्या डागाशेजारी धरला. आडवा व्रण आणि आडवी रेघ.

"हा डाग रोगाचा नोय," ते म्हणाले. "हा माह्या बहिणीच्या अंगठ्याचा घाम हाये. घरच्या साऱ्या पट्ट्या ह्याच हातानं काढल्या. कॉलेजातल्या नाई काढल्या. चूक माही हाये."

डॉक्टर खाली बसले. नवी औषधं आली आहेत, असं काहीसं ते बोलले, पण ती तिकडे नागपूरच्या इस्पितळातच देता येतील, घरी नाही. दादासाहेबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला त्यांचा राग तरी करता आला असता. "मी काय करू रामकृष्ण?" ते म्हणाले. "तूच सांग. लग्नाची पोरगी हाये माही." एवढी पत्रकं वाचून, लिहून, वाटून माझ्याकडे एक ओळ नव्हती.

सिंधूताई एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. "भाऊ, माहं काई चुकलं काय? मी तं नीट काढल्या न पट्ट्या."

"तुवं काईच नाई चुकलं," सर म्हणाले. "तू लय नीट काढल्या."

त्याच आठवड्यात तिला नागपूरला नेलं.

दोन दिवसांनी सर छापखान्यात आले. "पत्रकं वाटली काय?"

"नाही. आणि वाटणार आहे!" मी म्हटलं. "भूत नसतं हे खरं आहे की नाही? मग डाग खोटा निघाला म्हणून काय झालं? लोकांच्या बायकामुलींना धुरी देणं तर थांबेल. तुम्ही ती पट्टी खिशात घातली असती तर आज ताई इथं असती! कोणाचं काय बिघडलं असतं?"

मी हे बोलले. बोलायला नको होतं. सर खिळ्यांच्या पेटीकडे पाहत उभे राहिले.

"भूत नाई हे खरंच हाये," ते हळू म्हणाले. "पण त्याले पुरावा म्हणून तुमी माह्या बहिणीचा अंगठा देऊन राहिले. उद्या कोणी विचारलं, पायलं काय तुमी सोता, तं काय सांगसान? एकदा का हे खोटं ठरलं, तं लोक म्हणतीन, पाह्य, भूतच होतं. मंग खरा डाग कोणी घेऊन आला तरी त्याले कोणी दारात उभं करनार नाई." मग म्हणाले, "खिशात घालाचं माह्याही मनात आलं होतं. हात उठलाच नाई."

गठ्ठा माझ्या खाटेखाली गेला. सरांनी बरण्या धुऊन वाण्याला परत दिल्या. त्यांची बोटं हळूहळू साधी झाली, पण मुलं त्यांना जांभळे सरच म्हणत राहिली. महिन्यातले ते दोन रविवार मात्र त्यांनी मोडले नाहीत. आता गाडी उलट्या दिशेची असे. नागपूरची.

एका पावसाळ्यात त्यांनी मला विचारलं, "ते पत्रकं हायेत काय अजून?" मला वाटलं, सरांना शेवटी पटलं. मी उत्साहानं गठ्ठा ओढून काढला. ते म्हणाले, "सिंधूचे हात रिकामे राहतेत तिथी. कातर देता येत नाई, नियम हाये. पण फूटपट्टी चालते म्हणाले डॉक्टर. कागद दुमडून, फूटपट्टीनं फाडून पट्ट्या करते ते. गाळणकागद आता कॉलेजातून मागता येत नाई. हा कागद जरा जाड हाये."

आणि त्यांनी चिमट्यानं वरचं पत्रक उचलून कागद पारखून पाहिला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बडनेऱ्याच्या फलाटावर. मी वर्ध्याला निघाले होते आणि आमची गाडी एकच होती, पण सर पुढच्या डब्यात चढले आणि मी त्यांना हाक मारली नाही. मला लाज वाटत होती. काखेत छत्री, हातात सुतळीनं बांधलेला माझ्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा. खिडकीशी बसल्यावर त्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि वरच्या कागदाची दुमडलेली कड अंगठ्यानं सरळ केली. नुसत्या अंगठ्यानं. चिमटा खिशातच होता. त्या हिवाळ्यात ते गेले. कॉलेजात झटका आला, प्रयोगशाळेतच.

सिंधूताई अजून तिथंच आहे. आता मी जाते. मागच्या खेपेला मी तिथल्या परिचारिकेला विचारलं, बाकीच्यांना भेटायला कोण येतं? तिनं भेटीची वही माझ्यापुढे उघडली; त्या महिन्याच्या पानावर माझंच एक नाव होतं.

म्हणून हे पत्रक. त्यात डाग नाही, पुरावा नाही, शोध नाही. सर म्हणत तसं यंत्र कधी निघेल ते मला माहीत नाही. निघेल तेव्हा निघेल. तोवर एवढंच मागते. तुमच्या घरच्या त्या खोलीची कडी आज बाहेरून काढा. तुमचं माणूस तशा इस्पितळात ठेवलेलं असेल, तर भेटीचा दिवस कोणता ते विचारा आणि या महिन्यात जा. जाताना हाताला होईल असं काही काम घेऊन जा: कागद, वाती, निवडायची डाळ. आणि त्या माणसानं ते हातात घेतलं, की बोटं लागतील म्हणून काढून घेऊ नका.